साखळीचें माप आणि पंचाची नजर

अमेरिकेंत ज्या खेळास फुटबॉल म्हणतात, त्यांत चेंडूला पाय क्वचितच लागतो. तो हातांत घेऊन धांवावयाचें, अथवा आपल्या गड्याकडे फेकावयाचा. आपल्याकडील फुटबॉलशीं त्याचें नातें दूरचें आहे. तथापि त्या खेळांतील एक प्रश्न असा आहे कीं, ज्या विद्यार्थ्यास पंचाचा निर्णय कधीं ना कधीं कडू लागला असेल, त्यानें तो अवश्य समजून घ्यावा. गडी पाडला गेल्यावर चेंडू पुन्हां नेमका कोठें ठेवावयाचा?

मैदान दोन्ही गोलरेषांमध्यें १०० वार, म्हणजे १०० यार्ड, लांब असतें. चेंडू ज्या संघाकडे असेल त्यानें चार प्रयत्नांत १० वार पुढें सरकावें. तें न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन होतो. पूर्वीं असें बंधन नव्हतें. १८८१ सालीं प्रिन्स्टन व येल या संघांनीं सामन्याचा एकेक अर्धा भाग नुसता चेंडू धरून घालविला, आणि प्रेक्षक कंटाळले! पुढें १८८२ सालीं वॉल्टर कँप यांच्या पुढाकारानें तीन प्रयत्नांत ५ वार हा नियम आला. १९०६ सालीं अंतर १० वार झालें व १९१२ सालीं चौथा प्रयत्न मिळाला. हें अंतर मोजण्यासाठीं दोन काठ्या व त्यांस जोडणारी १० वारांची साखळी मैदानाच्या कडेला असते.

साखळी लोखंडी, तिच्या मापांत खोट नाहीं. परंतु ज्या चेंडूपर्यंत ती ताणावयाची, तो चेंडू ठेवतो कोण? पंच, आणि तोहि नजरेच्या अंदाजानें. चेंडू जास्तींत जास्त जेथवर पुढें गेला असेल, तेथें खूण धरावयाची. नंतर प्रतिपक्षानें गड्यास मागें रेटलें तरी तें जमेस धरीत नाहींत. माप त्या लंबगोल चेंडूच्या पुढील टोंकापासून. आतां कल्पना करा, चेंडू सुमारें ११ इंच लांब, तो गड्याच्या पोटाशीं, गड्यावर धिप्पाड माणसांचा ढीग, आणि पंच कडेकडून धांवत येत आहे. अशा रीतीनें ठेविलेल्या चेंडूवरून मग इंचाइंचाचा वाद चालतो!

१७ डिसेंबर २०१७ रोजीं डॅलस व ओकलंड यांच्या सामन्यांत पंच जीन स्टेरॅटोर यांनीं चेंडू व काठी यांमध्यें चक्क कागदाची घडी धरून पाहिली, आणि निर्णय डॅलसच्या बाजूनें दिला. डॅलसनें सामना २०–१७ असा जिंकला. लोक त्या कागदास हंसले. मला त्या कागदांत हंसण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. चेंडू क्षणापूर्वीं कोठें ठेविला गेला, हें कोणी विचारलें नाहीं, याचें नवल वाटतें.

२६ जानेवारी २०२५ च्या सामन्यांत बफेलो कॅन्सस सिटीच्या पुढें २२–२१ असा होता. चौथा प्रयत्न, गरज अवघ्या एका वाराची. जोश अ‍ॅलन चेंडू घेऊन गर्दींत घुसला. दोन बाजूंनीं आलेल्या दोन पंचांच्या खुणा जुळेनात. अखेर चेंडू अपुरा ठरला. चलच्चित्र पुन्हां पाहूनहि निर्णय बदलला नाहीं. बफेलो २९–३२ असा हरला.

त्याच वर्षींच्या हंगामापासून तेथील व्यावसायिक सामन्यांत मापाचें काम कॅमेऱ्यांकडे दिलें गेलें. आतां अन्याय संपला, असें पुष्कळांस वाटलें. मला तसें वाटत नाहीं. कॅमेरे अंतर मोजतात. चेंडू ठेवतो तो माणूसच. घड्याळ सेकंदाचीहि चूक न करणारें घ्यावें, आणि तें लावावें मात्र सूर्याकडे पाहून, तशांतलाच हा प्रकार आहे. चेंडूच्या आंत २०१७ पासून एक सूक्ष्म यंत्रहि बसवितात. पण चेंडू कोठें आहे हें त्यावरून कळलें, तरी गड्याचा गुडघा भुईस केव्हां टेंकला, हें तें कसें सांगणार?

कोणी म्हणतील, अशा चुका दोन्ही पक्षांच्या वांट्यास सारख्याच येतात. पहिल्या प्रयत्नापुरतें तें खरें मानूं. वीतभर चूक पुढें भरून निघते. चौथ्या प्रयत्नांतील वीतभर चूक चेंडूच हिरावून नेते. म्हणून निदान त्या वेळीं तरी दोन्ही बाजूंच्या पंचांनीं आपापली खूण आधीं स्वतंत्रपणें पक्की करावी, मग एकमेकांकडे पाहावें. आणि खुणा भिन्न असतील, तर ती गोष्ट सर्व मैदानास मोकळेपणानें कळवावी.