बोंड फोडल्यावर

परवा मानवत तालुक्यातल्या एका गावात महिलांच्या शेतीशाळेला गेले होते. पऱ्हाटी कमरेच्या वर आलेली, पानांवरचं दव अजून उतरलं नव्हतं. पंचवीसेक बायका पाच-पाचच्या गटांनी वावरात शिरल्या. प्रत्येक गटानं वेगवेगळ्या झाडांची मिळून २० हिरवी बोंडं तोडून आणली आणि बांधावर पोतं अंथरून मांडली. वरून सगळी टवटवीत.

"यातली किडकी किती?" प्रशिक्षकानं विचारलं.

"एक बी नाही," बायका म्हणाल्या. त्यानं पुढे काहीच न बोलता विळा त्यांच्या हाती दिला.

चौथ्या बोंडात, कवळ्या सरकीला चिकटून, गुलाबी अळी वळवळत होती. "मग वरून कामून दिसंना?" एक म्हातारी पुढे सरकली. तिनं बोंडाचं टरफल उजेडात धरून सगळीकडून फिरवलं, भोक कुठंच सापडेना. अंड्यातून निघालेली अळी केसाएवढी बारीक असते, ती आत शिरली की भोक बुजून जातं, हे प्रशिक्षकानं तेव्हा सांगितलं. २० बोंडांत दोन अळ्या, म्हणजे १० टक्के, दिसल्या की फवारणीचा विचार करायचा, हेही तेव्हाच. हाच आकडा बोंड फोडण्याआधी सांगितला असता तर कानावरून गेला असता. आता त्या म्हातारीला तो हवा होता.

नंतर मोठ्या कागदावर चित्रं निघाली. मधोमध पऱ्हाटी, एका अंगाला शत्रूकिडी, दुसऱ्या अंगाला ढालकिड्यासारख्या मित्रकिडी. फवारायचं की थांबायचं यावर दोन गटांत चांगलीच जुंपली. मला सगळ्यात जास्त आवडलं ते हे भांडण, कारण प्रत्येकीकडे बोट ठेवून दाखवायला स्वतःची बोंडं होती.

ही रीत मूळची इंडोनेशियातल्या भातशेतीतली. तिथं तपकिरी तुडतुड्यावर फवारण्या वाढल्या तसा तुडतुडाही वाढत गेला, कारण त्याला खाणारे कोळी औषधानं आधी मरत होते. १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीनं तिथं शेतकऱ्यांना बांधावर बसवून हे त्यांच्याच डोळ्यांनी बघायला लावलं. आपल्याकडे २०१७ साली बोंडअळीनं कापूस खाल्ला. पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या राज्य सरकारच्या ‘पोकरा’ या कृषी प्रकल्पानं परभणीसह १५ जिल्ह्यांत गावोगाव अशा शाळा भरवल्या.

मी पेशानं शिक्षिका. कृतीतून शिकवावं कसं, हे शिकायला मी एकदा तीन दिवस एका सभागृहात पडद्याकडे बघत बसले होते. शेजारच्या बाई उतरवून घेत होत्या, मीही घेतलं. एकालाही कुणी काही करून बघायला सांगितलं नाही. त्या तीन दिवसांचं मला आजही वाईट वाटतं. तिथं बसलेल्या प्रत्येकाकडे वर्गातला अनुभव होता, पण तो कुणी विचारलाच नाही.

सहावीला शेकडेवारी शिकवताना मी एक करते. जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, मुलांना घरचं सोयाबीन आणायला सांगते. ओल्या गोणपाटावर दहा ओळी, ओळीत दहा दाणे. वरून दुसरं गोणपाट, मग गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचं. आठवड्यानं उलगडलं की मोड मोजायचे. शंभरातले ७२ उगवले तर ७२ टक्के. टक्का म्हणजे काय, हे मला वेगळं सांगावं लागत नाही. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं, पोतं आदळलं तरी उगवण घटते, हे तर मुलंच मला सांगतात.

मागं एका मुलीचे ६० च उगवले. ७० टक्के उगवणीला एकरी ३० किलो बियाणं लागतं, तर ६० ला किती? तिनं त्रैराशिक मांडलं, ३५ आले. दुसऱ्या दिवशी वडील वही घेऊन शाळेत आले. "बाई, हे खरं आहे का?" मी म्हटलं, "तिलाच विचारा." तिनं त्यांना गोणपाटापाशी नेलं आणि न उगवलेले दाणे एकेक करून मोजून दाखवले.

त्या साली त्यांनी एकरी पाच किलो जास्तीचं टाकलं. सगळं सोयाबीन वर येईपर्यंत ती पोरगी शाळेत यायच्या आधी वावरात जाऊन ओळीतली रोपं मोजायची.