आधी मृत्युपत्राची नक्कल, मग फेरफार

बापाचे तेरावे उरकते न उरकते तोच लेकीच्या सासरी नोटीस येते. मयत खातेदाराने मृत्युपत्र केले आहे, त्यानुसार फेरफार धरला आहे, हरकत असल्यास १५ दिवसांत कळवा. त्या मृत्युपत्रात काय लिहिले आहे, साक्षीदार कोण, याबद्दल अवाक्षर नाही. हरकत घ्यायची ती कशावर? न पाहिलेल्या कागदावर?

अशीच एक भगिनी आमच्याकडे आली होती. भाऊ म्हणे कागद वकिलाकडे. वकील म्हणे कोर्टात. कोर्टातला कारकून म्हणे, बाई, तुम्ही पक्षकार नाही. चार खेपा झाल्या, चार दिवसांची मजुरी बुडाली. मृत्युपत्र निघाले कुठे? तालुक्याच्या दुय्यम निबंधकाकडे, रीतसर नोंदलेले!

त्या कारकुनाला कायदा ठाऊक नव्हता की सांगायचा नव्हता, देव जाणे. १९०८ च्या नोंदणी कायद्याचे कलम ५७ सरळ आहे. मृत्युपत्राची नोंद तीन नंबरच्या पुस्तकात होते. करणारा हयात असेपर्यंत नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच. तो गेल्यावर मात्र अर्ज करून फी भरणाऱ्या कोणालाही. 'तुमचा संबंध काय' हा प्रश्नच तिथे उरत नाही. मृत्यूचा दाखला जोडावा, नाव, गाव आणि अंदाजे साल द्यावे, सूची शोधायला लावावी.

कोर्टाचा मार्ग वेगळा. मृत्युपत्रावर प्रोबेट दिले गेले असेल, तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मूळ मृत्युपत्र त्या कोर्टाच्या दप्तरातच राहते. आपल्या तालुक्यातल्या बहुतेक शेतजमिनींना प्रोबेटची वाट कोणी धरत नाही, म्हणून आधी निबंधकाकडे जावे हे बरे. कोर्टात जायचे तर प्रकरणाचा नंबर आणि साल मिळवा, नक्कल विभागात अर्ज द्या. पक्षकार नसाल तर आपण वारस आहोत हे कारण प्रतिज्ञापत्रावर मांडून न्यायाधीशांची परवानगी मागा. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. अर्ज द्या, पोच घ्या, नकारही लेखी मागा.

त्या भगिनीच्या हाती नक्कल पडली तेव्हा कळले, बापाने वडिलोपार्जित सगळी जमीन मुलाला लिहून दिली होती. सगळी जमीन बापाची होतीच कुठे? २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मापासून सहहिस्सेदार आहे, आणि त्यासाठी २००५ साली बाप हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. बापाला मृत्युपत्राने देता येतो तो फक्त स्वतःचा हिस्सा. शिवाय कागद नोंदला म्हणून खरा ठरत नाही. वाद झाला तर हयात साक्षीदारांपैकी एकाला तरी कोर्टात उभे राहावे लागते. हे सारे मांडायला आधी कागद हातात हवा ना?

म्हणून आमची मागणी साधी आहे. मृत्युपत्रावरून फेरफार धरताना प्रत्येक वारसाच्या नोटिशीला मृत्युपत्राची नक्कल जोडा, आणि १५ दिवस मोजा ते नक्कल पोचल्यापासून. तहसीलदारांना द्यायचे निवेदन तयार आहे. ज्यांच्याकडे अशी कोरी नोटीस आली असेल, त्यांनी ती घेऊन जिल्हा बैठकीला यावे. निवेदनाला जोडायची आहे.