सणाच्या दिवशी ड्यूटी आणि इंग्रजीचा धडा



आरोपपत्र हातात पडते ते बहुधा इंग्रजीत. लाईनवरचा कामगार असो वा पोस्टमन, सही आधी होते आणि अर्थ मागाहून विचारला जातो. म्हणूनच शाखांतून संध्याकाळी इंग्रजीचे वर्ग निघतात आणि महिन्याभरात ओस पडतात. दोष चाळिशी उलटलेल्या विद्यार्थ्याचा नाही. पाळी संपवून आलेल्या माणसापुढे बालवर्गातील सफरचंद आणि मांजर ठेवले, तर तो किती दिवस बसेल?

प्रौढांना सण, गाणी आणि चालीरीती यांच्या आधाराने भाषा शिकवण्याची पद्धत चांगलीच आहे. आमचा प्रश्न एवढाच की, सण कोणाचे आणि गाणी कोणाची? नाताळचा केक आणि साहेबाचा चहा म्हणजे इंग्रजी नव्हे. ती लढणाऱ्या कामगारांचीही भाषा आहे.

अमेरिकेचा कामगार दिन घ्या. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी तेथे सुटी असते. रेल्वेचे डबे बांधणाऱ्या शिकागोच्या पुलमन कंपनीने मजुरी कापली, पण कंपनीच्या घरांचे भाडे मात्र कमी केले नाही. मे १८९४ मध्ये संप झाला. २६ जूनपासून युजीन डेब्ज यांच्या अमेरिकन रेल्वे युनियनने पुलमनच्या डब्यांवर बहिष्कार टाकला. २८ जूनला राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी कामगार दिनाच्या कायद्यावर सही केली आणि आठवड्याच्या आत, टपाल अडल्याचे कारण पुढे करून, त्याच सरकारने संपावर लष्कर घातले. कोर्टाचा मनाईहुकूम मोडल्याबद्दल डेब्ज तुरुंगात गेले. ‘वेज’, ‘रेंट’, ‘बॉयकॉट’, ‘इंजंक्शन’ हे शब्द या गोष्टीतून आले, तर रेल्वे व टपाल कामगारांना ते घोकावे लागणार नाहीत.

गाण्यांचेही तसेच. स्वीडनहून अमेरिकेत गेलेल्या जो हिल याने लोकांना ठाऊक असलेल्या चालींवर इंग्रजीत संपाची गाणी रचली. त्यातले एक रेल्वे कामगारांच्या १९११ च्या संपावरचे आहे. खुनाच्या वादग्रस्त खटल्यात त्याला १९१५ साली गोळ्या घालून देहदंड देण्यात आला, पण गाणी राहिली. चाल ओळखीची असली की शब्द जिभेवर लवकर बसतो. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने पोवाडा-लावणीतून हेच केले. अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यालाही राजकारण समजले.

मग आपले सण कुठे? राखीपौर्णिमेला पोस्टमनची पिशवी सर्वांत जड असते. दिवाळीत जादा गाड्या धावतात आणि लक्ष्मीपूजनाला आपला माणूस केबिनमध्ये असतो. ‘त्या दिवशी मी ड्यूटीवर होतो’ हे भूतकाळातील पहिले वाक्य यातूनच शिकवावे. गणपतीसाठी रजेचा अर्ज आणि सुटीच्या दिवशी केलेल्या कामाच्या भत्त्याची मागणी, हे पुढचे दोन धडे. तिसरा धडा आरोपपत्राच्या उत्तराचा.

कामगाराला समजेल अशा भाषेत कागद मिळाला पाहिजे, ही मागणी आपण सोडलेली नाही व सोडणार नाही. पण ती मान्य होईपर्यंत हाती आलेला कागद वाचता आलाच पाहिजे. शाखांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी पाळ्या सांभाळून वर्ग भरवावेत आणि पहिला धडा येत्या सणापासून सुरू करावा. वाचल्याशिवाय सही नाही, हीच त्या वर्गाची परीक्षा!