लसीच्या दिवशी डोळेही तपासा

बाळ दोन महिन्यांचे होत आले तरी तोंडाकडे बघत नाही, अशी आईची तक्रार असली की घरात आणि पुष्कळदा दवाखान्यातही एकच उत्तर मिळते : लहान आहे अजून, बघेल हळूहळू. बहुतेक बाळांच्या बाबतीत ते खरेही ठरते. पण ज्या थोड्या बाळांच्या बाबतीत ते खोटे ठरते, त्यांचे वाया गेलेले आठवडे पुढे कुठलाही डॉक्टर भरून देऊ शकत नाही. म्हणून आईची ही तक्रार तपासणीला पुरेसे कारण मानली पाहिजे. शिवाय तक्रार असो वा नसो, दीड महिन्याच्या लसीच्या दिवशी प्रत्येक बाळाचे डोळे पाहिले गेलेच पाहिजेत.

आधी नेहमीचे काय, ते सांगायला हवे. नवजात बाळाला साधारण वीस ते तीस सेंटिमीटरवरचे सर्वांत बरे दिसते, म्हणजे अंगावर पिताना आईचा चेहरा जितका दूर असतो तितकेच. पहिले काही आठवडे ते चेहऱ्यापेक्षा खिडकीच्या उजेडाकडे किंवा पंख्याकडे टक लावते, त्यात वावगे काही नाही. तीन-चार महिन्यांपर्यंत डोळे अधूनमधून तिरके होणेही चालते. सहा ते आठ आठवड्यांत नजर चेहऱ्यावर ठरू लागते, हसण्याला हसून उत्तर मिळते, आणि तिसऱ्या महिन्यात पाळण्यावरच्या हलत्या चिमणाळ्यामागे डोळे फिरतात. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल तर हे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचे. काही खुणांना मात्र वयाची सवलत नाही. बुबुळाच्या मध्यभागी पांढरी झाक, सतत थरथरणारे डोळे, कायम एकाच बाजूला वळलेला डोळा, किंवा मोठे, धुरकट दिसणारे आणि उजेडात मिटणारे डोळे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे जायला हवे. पांढरी झाक मोतीबिंदूची असू शकते, तशीच दृष्टिपटलाच्या कर्करोगाचीही, आणि तिथे प्रश्न जिवाचा असतो.

एवढी घाई का, याचे उत्तर डोळ्यात नाही, मेंदूत आहे. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी १९६०च्या दशकात मांजराच्या पिल्लांवर केलेल्या प्रयोगांत पहिले काही महिने एक डोळा मिटलेला ठेवला. नंतर उघडल्यावर तो डोळा धडधाकट होता, पण मेंदूतली त्याची जागा दुसऱ्या डोळ्याने घेतली होती आणि त्याला जवळजवळ काही दिसत नव्हते. मोठ्या मांजराचा डोळा तितकाच काळ मिटला तर असे काही होत नसे. दृष्टीविषयीच्या या संशोधनासाठी दोघांना १९८१चे नोबेल मिळाले. एका डोळ्यातला दाट जन्मजात मोतीबिंदू साधारण सहा आठवड्यांच्या सुमारास काढावा, दोन्ही डोळ्यांतला असेल तरी दोन महिन्यांच्या पुढे फार रेंगाळू नये, हा आजचा वैद्यकीय संकेत याच ज्ञानातून आला. भारतात पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ने आठ-दहा वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या जन्मांध मुलांवर शस्त्रक्रिया घडवून आणल्या. ती मुले पुष्कळ काही पाहायला शिकली, तेव्हा उशिराची शस्त्रक्रिया निरर्थक मुळीच नाही. पण नजरेची पूर्ण तीक्ष्णता त्यांना मिळाली नाही.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे गणित वेगळे. त्यांच्या दृष्टिपटलावरच्या रक्तवाहिन्यांची वाढ बिघडली, तर आईला शंका येईपर्यंत वेळ टळून गेलेली असते. म्हणून ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोहून कमी वजनाने जन्मलेल्या बाळाची तपासणी तिसाव्या दिवसापर्यंत व्हायला हवी, फारच लहान बाळांची त्याही आधी. तमिळनाडूतील अशाच एका बाळाची तपासणी न झाल्याने त्याची दृष्टी गेली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मुलीला सुमारे १ कोटी ८० लाख रुपये भरपाई मंजूर केली.

यासाठी नवी योजना लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये पालघरला झाली, आणि त्याच्या यादीत जन्मजात मोतीबिंदू आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा दृष्टिदोष हे दोन्ही आहेत. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीत सिद्ध केली. आज देशभरातल्या आशा कार्यकर्तीची त्या वेळापत्रकातली शेवटची भेट बेचाळिसाव्या दिवशी असते. लसही त्याच सुमारास. म्हणजे नजर ठरू लागण्याच्या नेमक्या वयात बाळ यंत्रणेच्या हाती येते, वजन होते, टोचले जाते आणि डोळ्यांकडे कुणी न बघता घरी जाते. ऑफ्थॅल्मोस्कोपचा उजेड टाकून दोन्ही बाहुल्यांतून सारखी लालसर चमक परत येते का, हे पाहायला अंधारी खोली आणि एक-दोन मिनिटे लागतात. जन्मानंतर घरी सोडताना ही तपासणी व्हावीच, पण तेव्हा सुटलेले बाळ दीड महिन्याला तरी सुटू नये.

यावर आशांच्या बोजाचा आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. तुटपुंज्या मानधनावर त्यांच्याकडून आधीच खूप काही करून घेतले जाते. म्हणून उपकरण त्यांच्या हाती द्यायचे नाही. बाळ तोंडाकडे बघते का, एवढे त्यांनी आईला विचारावे, त्याचा मोबदला त्यांना मिळावा, आणि तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी करावी. दुसरा आक्षेप भीतीचा. नजर मिळाली नाही की लगेच स्वमग्नता, असे मोबाइलवर पाहून आईबाप हादरतात, आणि अशा बोलण्याने ती भीती वाढेल असे काहींना वाटते. पण ही भीती माहितीअभावी वाढते. अमी क्लिन आणि वॉरन जोन्स यांच्या २०१३ मधील अभ्यासात, पुढे स्वमग्नता निघालेली बाळे दुसऱ्या महिन्यात इतरांसारखीच डोळ्यांकडे पाहत होती. ते पाहणे त्यानंतर हळूहळू घटत गेले. तेव्हा दोन महिन्यांचे बाळ बघत नसेल तर पहिला प्रश्न त्याला दिसते का, हाच. डोळे निर्दोष निघाले तर काही बाळांची नजर चार-सहा महिन्यांत आपोआप येते. जन्मताना गुदमरलेल्या काही बाळांत दोष मेंदूच्या दृष्टिकेंद्रात असतो, आणि त्यांनाही लवकर सुरू केलेल्या दृष्टिप्रशिक्षणाचा उपयोग होतो.

हे प्रशिक्षण जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मिळायला हवे, पण तिथवर पोहोचणे हीच अनेक घरांची अडचण असते. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात मोफत नेण्याची सोय आहे. गुटगुटीत दिसणारे, ताप-खोकला नसलेले, पण आईकडे न बघणारे बाळही त्या व्याख्येत बसते, असा लेखी आदेश आरोग्य विभागाने प्रत्येक प्राथमिक केंद्राला द्यावा.