शिकवणीचा खर्च मालकाच्या खाती मांडा

बारच्या काउंटरमागे उभा राहून मद्याचे पेले तयार करून देणारा इसम आपल्या कार्यकर्त्यांच्या लेखी अद्याप कामगार नाही. तो ‘दारूवाल्याचा माणूस’ आहे. दारूबंदीच्या आग्रहातून आलेला हा तुच्छभाव समजण्यासारखा असला तरी समर्थनीय नाही. त्याच्याच आडोशाने एक मोठा अन्याय बिनबोभाट चालू आहे.

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ‘बारटेंडर’ घडविणारे वर्ग निघाले आहेत. फी भरून मुले तेथे ३० आणि ६० मिलिलिटरची मापे, शेकर हलविण्याची रीत, मार्टिनी-मोहितोच्या कृती आणि बाटली हवेत फेकून झेलण्याची करामत शिकतात. या कसबाची टवाळी मी करणार नाही. कोणते पेय घुसळायचे, कोणते नुसते ढवळायचे, बर्फ किती विरघळू द्यायचा, गर्दीच्या रात्री आठ-दहा जणांची मागणी ध्यानात ठेवून हिशेब बिनचूक कसा राखायचा आणि झिंगलेल्या गिऱ्हाइकाला अपमान न करता नकार कसा द्यायचा, हे कौशल्य कोणत्याही कुशल कामगाराच्या तोडीचे आहे. प्रश्न एवढाच की, ते शिकण्याचा खर्च कोणी सोसायचा?

बाजारवादी अर्थशास्त्राकडे उत्तर तयार आहे. गॅरी बेकर यांनी १९६४ साली ‘ह्यूमन कॅपिटल’ या ग्रंथात मांडले की, जे कौशल्य कोणत्याही मालकाकडे चालते त्याचा खर्च शिकणाऱ्यानेच करावा; वाढलेली मजुरी अखेर त्यालाच मिळते. वर्गात हा सिद्धान्त शिकविताना त्यामागचे गृहीतकही सांगावे लागे : श्रमबाजारात पूर्ण स्पर्धा असली पाहिजे. ती येथे कोठे आहे? प्रमाणपत्र घेऊन आलेल्या पोराला आधी पेले धुण्यास आणि बर्फ वाहण्यास लावतात. पगार तुटपुंजा, उरलेले ‘टिप’वर भागवावयाचे. म्हणजे शिकण्याचा खर्च कामगाराच्या बापाने करावयाचा, मजुरीचा काही भाग गिऱ्हाइकाने द्यावयाचा, आणि तयार हात मात्र मालकाला फुकट मिळावयाचे!

वस्तुतः शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ चे तत्त्व नेमके उलटे आहे. मालकाने आपल्या आस्थापनेत उमेदवाराला शिकवावे आणि शिकण्याच्या काळात विद्यावेतनही द्यावे. तीस वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर उमेदवार घेण्याचे बंधनच आहे. मोठमोठी हॉटेले या आकड्यात सहज बसतात.

सरकारची भूमिका याहून दुटप्पी. संविधानाच्या ४७व्या अनुच्छेदात मद्यनिषेधाचे ध्येय आहे, महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही उभा आहे, आणि त्याच कायद्याखालच्या परवान्यांतून तिजोरी भरते. बारमधल्या नोकरांची मात्र सरकारला आठवण होते ती मनाई करण्यापुरती. दिल्लीत १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्याचे ३०वे कलम लागू होते. लोक मद्य पितात अशा जागी कोणत्याही स्त्रीला आणि पंचविशीच्या आतल्या पुरुषाला नोकरीस ठेवू नये, असे ते सांगे. अनुज गर्ग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली ते घटनाबाह्य ठरविले. संरक्षणाच्या नावाखाली स्त्रीची रोजी काढून घेता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा. दार उघडले हे उत्तम झाले. पण उत्तररात्री काम संपल्यावर ती घरी कशी जाणार, हा प्रश्न दाराबाहेरच राहिला.

आमचे काही साथी म्हणतील, हा धंदाच नको, मग त्यातल्या कामगाराची उठाठेव कशाला? त्यांनी २०१७ चा एप्रिल आठवावा. महामार्गालगतची मद्यालये न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली, तेव्हा परवानेधारकांनी वकील उभे केले आणि काही राज्यांनी रस्त्यांचा दर्जाच बदलून त्यांचे धंदे वाचविले. काउंटरमागच्या नोकराचा बुडालेला पगार कोणत्या मोर्चाच्या मागणीपत्रात होता? उद्या दारू खरोखरच बंद करावयाची झाली, तरी या माणसाला पर्यायी काम द्यावेच लागेल, आणि त्यासाठी आज तो कोणाच्या तरी सभासदनोंदीत असला पाहिजे.

हॉटेल कामगारांत काम करणाऱ्या आपल्या संघटनांनी प्रथम या वर्गांच्या दारात जावे. फी भरणाऱ्या मुलांना १९६१ चा कायदा समजावून द्यावा, आणि येत्या वेतनकरारात विद्यावेतन, लेखी नेमणूकपत्र व रात्रीच्या वाहनाची मागणी घालावी.