पुरावा तपासणे ही कुणाची वतनदारी नाही

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आपली पोरं एक वाक्य हमखास ऐकवतात: "राज्यघटना पाठ करू, पण तर्काचे प्रश्न म्हणजे सवर्ण पोरांचा प्रांत." मला हे अजिबात मान्य नाही. आणि क्लासवाल्यांच्या शॉर्टकटने तो प्रांत जिंकता येतो, हेही मान्य नाही.

एक खरा प्रयोग घ्या. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत ३२१ उच्चजातीय आणि ३२१ तथाकथित खालच्या जातींच्या शाळकरी मुलांना भूलभुलैयाची कागदी कोडी सोडवायला दिली. त्यांचा लेख २००६ साली प्रसिद्ध झाला. जात जाहीर केली नाही तेव्हा दोन्हींत फरक दिसला नाही. सर्वांसमोर जात पुकारली आणि मोठी दरी पडली.

आता परीक्षेतला प्रश्न. 'जात पुकारल्यामुळे खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली' या निष्कर्षाला सर्वाधिक धक्का कशाने बसेल?
(अ) त्यांच्यातल्या एका मुलाला जात न पुकारताही कोडे सुटले नाही.
(ब) जात पुकारलेल्या गटात त्यांना जास्त अवघड कोडी दिली होती.
(क) शहरांत आता जात कुणी विचारत नाही.

आपली पोरं 'क'वर तुटून पडतात. राग येतो ना! पण विधान खरे की खोटे, हा प्रश्नच नाही. प्रत्येक पर्याय खरा धरायचा आणि निष्कर्ष हलतो का ते बघायचे. 'क' शहरांचे, प्रयोग खेड्यांतला. 'अ' एकट्या मुलाचे, निष्कर्ष गटाचा. 'ब' मात्र खरे असते, तर घसरण जातीमुळे की कोड्यांमुळे, हे कळलेच नसते. प्रत्यक्षात मुलांची गटवाटणी यादृच्छिक होती, म्हणून हा पुरावा भक्कम.

'मार्क कमी म्हणजे बुद्धी कमी' म्हणणाऱ्या मेरिटवाल्यांना जात न पुकारलेल्या गटातली बरोबरी तोंडावर मारता येते. पण आपल्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'गुणांमधला सगळा फरक यामुळेच, सिद्ध झाले' असे फिरते, ते प्रयोगात कुठेही नाही. पुरावा असा ताणला की विरोधक ताणलेला भाग पकडतो आणि खरा भागही उडवून लावतो. शिकवणीचा खर्च, घरचे काम, शाळेचे अंतर यांची कोड्यांत मोजदाद नव्हती. आणि मुलींबद्दल निष्कर्ष काढणारा पर्याय आला तर खुशाल खोडा. प्रयोगात फक्त मुलगे होते.