गाडी सुरू होणे आणि गाडी चालणे

वाड्याच्या बोळात, गोठ्याच्या आडोशाला किंवा सोसायटीच्या जिन्याखाली गोणपाट पांघरून उभी असलेली जुनी मोटारसायकल आपल्याकडे पुष्कळ घरांतून आढळते. बहुधा ती वडिलांची किंवा काकांची असते. विकवत नाही म्हणून राहिलेली. मग घरातील एखादा तरुण ती पुन्हा रस्त्यावर आणण्याचे मनावर घेतो. हा उत्साह स्वागतार्ह आहे. परंतु त्याचे पहिले पाऊल सहसा दोनपैकी एका दिशेने पडते : गाडी थेट रंगाऱ्याकडे जाते, नाहीतर टाकीत ताजे पेट्रोल ओतून घाम फुटेपर्यंत किका मारल्या जातात. गाडी बंद का पडली होती, हा प्रश्न दोन्हीकडे राहूनच जातो. माझ्या मते नवशिक्याने सुरुवात त्याच प्रश्नापासून केली पाहिजे.

उदाहरणादाखल येझदी घेऊ. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६० च्या दशकाच्या आरंभी जावा मोटारसायकली तयार होऊ लागल्या. पुढे १९७० च्या दशकात त्यांना येझदी हे नाव मिळाले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०२२ मध्ये त्याच नावाने आलेल्या गाड्या पूर्णपणे वेगळ्या. जुनी येझदी म्हणजे २५० सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, एक सिलिंडर, दोन सायलेन्सर, आणि किक व गिअर यांची मिळून एकच दांडी. यंत्ररचना इतकी उघडी, की शिकणाऱ्याला याहून चांगले पाठ्यपुस्तक मिळणे कठीण.

मात्र हे पुस्तक वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीत दोषांचे दोन थर असतात. ती ज्या दोषामुळे बंद पडली तो मूळ दोष, आणि उभे राहिल्यामुळे त्यावर साचलेले नवे दोष. जुन्या पोथ्यांच्या अभ्यासकाला हा अनुभव नवा नाही. मूळ पाठ कोणता आणि लेखनिकांनी नकलताना घुसवलेले अपपाठ कोणते, हे पारखण्यातच त्याचे आयुष्य जाते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले ते १९६६ मध्ये संपले. मोटारसायकलीला एवढा काळ लागत नाही, पण शिस्त त्याच जातीची लागते : आधी निरीक्षण, मग निदान आणि शेवटी दुरुस्ती.

या शिस्तीने पाहिले तर पहिल्या दिवशी किक मारणेच गैर ठरते. रिंगा सिलिंडरला गंजून चिकटलेल्या असू शकतात. प्लग काढून आत थोडे तेल सोडावे, रात्रभर मुरू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी प्लग न लावताच इंजिन हलक्या हाताने फिरवून पाहावे. टाकीतील जुने पेट्रोल आटून डिंकासारखे झालेले असते, तळाशी गंज असतो. तो गाळ कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. जेट साफ करताना पोलादी तार घालण्याचा मोह होतो. पितळेचे ते बारीक भोक तारेने किंचित जरी मोठे झाले, तरी पेट्रोल-हवेचे प्रमाण कायमचे बिघडते. विरघळवणारे द्रव आणि हवेचा झोत एवढ्यावर भागवावे. रबरी नळ्याही बदलाव्यात, कारण आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलपुढे जुने रबर टिकत नाही आणि हे पेट्रोल हवेतील ओल अधिक ओढून घेते.

त्यानंतर ठिणगी. पॉइंटवर बसलेला पापुद्रा स्वच्छ करून त्यांतील अंतर साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर ठेवले, की मुकी वाटणारी गाडी कित्येकदा बोलू लागते. परंतु येथे एक पथ्य कसोशीने पाळावे : एका वेळी एकच बदल, आणि त्याची वहीत नोंद. प्लग, कॉइल आणि कार्बोरेटर एकाच दुपारी बदलले व गाडी सुरू झाली, तर दोष कोठे होता हे कधीच कळत नाही. गाडी मिळते, ज्ञान हातचे जाते.

खरा धोका गाडी सुरू झाल्यावर उद्भवतो. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण क्रँकच्या कप्प्यातून सिलिंडरकडे जाते. त्या कप्प्याच्या दोन्ही बाजूंची ऑइल सील वापराविना कडक होतात, त्यांना चिरा पडतात. एका बाजूने बाहेरची हवा शिरली की मिश्रण विरळ होते. इंजिन आपोआप रेस होऊ लागते, बेसुमार तापते आणि भर रस्त्यात पिस्टन धरतो. मागचे चाक जागीच अडकते. दुसऱ्या बाजूने गिअरचे तेल आत ओढले गेले तर थांबता थांबत नाही असा पांढरा धूर येतो. अंगणात फटफट ऐकून ज्यांनी पेढे वाटले, त्यांच्यावर हा प्रसंग महिन्याभरात येऊ शकतो. सुरू होणे आणि नीट चालणे यांत एवढे अंतर आहे. ब्रेकचे लायनर, केबली आणि तडकलेले टायर यांची व्यवस्था पहिल्या फेरीच्या आधीच व्हायला हवी, हे वेगळे सांगायला नको.

यावर असा आक्षेप येईल, की हा सारा खटाटोप कशासाठी? चांगला मिस्त्री हेच काम दोन दिवसांत करील. आक्षेपात तथ्य आहे. सिलिंडर बोअर करणे, क्रँक उघडून जुळवणे ही कामे नवशिक्याने करूच नयेत. परंतु केवळ कानाने पॉइंटचा बिघाड ओळखणारे मिस्त्री आता वयस्क झाले आहेत, आणि त्यांची विद्या कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. आपल्या गाडीचे निदान स्वतः करू पाहणारा मनुष्य अशा मिस्त्रीला योग्य प्रश्न तरी विचारू शकतो. नुसती किल्ली हाती देऊन घरी परतणाऱ्याला ते साधत नाही. त्याच्या हाती पावती येते, आणि जुन्या रंगाखालचे नवे बिघाड तसेच राहतात. रंग आणि क्रोम यांना माझा विरोध नाही. त्यांची पाळी शेवटी यावी, एवढेच.

म्हणून पहिली फेरी दोन-तीन किलोमीटरांचीच असावी. पेट्रोलमध्ये लिटरमागे साधारण ४० मिलिलिटर टू-टी तेल मोजून घातलेले असावे. थोडा वेग घेऊन, इंजिन तेथेच बंद करून थांबावे आणि गार होताच प्लग काढून पाहावा. तो पांढराफटक असेल तर मिश्रण विरळ आहे, काळा व ओलसर असेल तर दाट आहे. भाजलेल्या बिस्किटासारखा तपकिरी असेल तर आणखी पाच किलोमीटर जायला हरकत नाही. रंग कोणताही असो, तारखेसह वहीत लिहावा. ती वही पुढे गाडीबरोबर ज्याच्याकडे जाईल, त्याला निदान आपल्यासारखे कोऱ्या पानापासून आरंभ करावे लागणार नाही.